‘बलिपुष्ट’ आणि ‘परभृत्’ : कावळ्याचे रूप, वर्तन व जीवनचक्र

सारांश

कावळा हा मराठी माणसाच्या नित्य परिचयाचा पक्षी असूनही त्याच्याविषयीचे आपले ज्ञान बहुतांशी ऐकीव असते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रात सर्वत्र आढळणाऱ्या गावकावळा व डोमकावळा या दोन कावळ्यांचे रूप, आहार, समाजजीवन, प्रजनन आणि कोकिळेशी असलेला त्यांचा संबंध यांचा परिचय करून दिला आहे. प्राचीन भाषेने कावळ्याला दिलेली नावे ही पुष्कळदा प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेली आहेत. उलट, पितृपक्षाच्या समर्थनार्थ आज ‘शास्त्रीय कारण’ म्हणून सांगितला जाणारा खुलासा निरीक्षणाच्या कसोटीला उतरत नाही, हे दाखविण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

बीजसंज्ञा : गावकावळा, डोमकावळा, मानवाश्रय, अंडपरजीविता, काकस्पर्श, लोकसमज.

१. प्रस्तावना

मराठी मुलाच्या आयुष्यात प्रवेश करणारा पहिला पक्षी बहुधा कावळा असतो. चिऊ-काऊच्या घासापासून हा परिचय सुरू होतो आणि दशक्रियेच्या पिंडापाशी तो संपतो. मधल्या काळात तहानलेल्या कावळ्याची गोष्ट, शेणाच्या घराची गोष्ट, ‘कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही’ आणि ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला’ अशा म्हणी यांतून तो आपल्याला भेटत राहतो. तथापि, आपल्या अंगणात येणारा कावळा कोणत्या जातीचा, तो घरटे कोणत्या महिन्यात बांधतो, त्याची अंडी कोणत्या रंगाची असतात, असे प्रश्न पदवीच्या वर्गात विचारले असता बहुतेक विद्यार्थी निरुत्तर होतात, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. अतिपरिचयामुळे अवज्ञा होते असे म्हणतात. कावळ्याच्या बाबतीत अतिपरिचयामुळे अज्ञानही टिकून राहिले आहे.

या अज्ञानाची पोकळी अलीकडे एका विशिष्ट खुलाशाने भरून निघत आहे. दरवर्षी पितृपक्ष जवळ आला की भ्रमणध्वनीवरून एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा : वड व पिंपळ यांचे बी कावळ्याच्या पोटातून गेल्याखेरीज रुजत नाही, कावळ्याची मादी भाद्रपदात अंडी घालते, तिच्या पिलांना पौष्टिक अन्न मिळावे म्हणूनच ऋषींनी या पंधरवड्यात काकबळीची योजना केली. हा संदेश सुशिक्षितांत आणि अध्यापकांतही आदराने पुढे पाठविला जातो. त्यात पूर्वजांविषयी अभिमान आहे, पर्यावरणाविषयी आस्था आहे आणि विज्ञानाची परिभाषाही आहे. त्यात नाही ते एवढेच, की कावळ्याचे निरीक्षण. यास्तव प्रथम कावळ्याचाच यथार्थ परिचय करून घेणे इष्ट ठरेल.

२. कुल व रूप

कावळ्यांचा समावेश ‘कॉर्व्हिडी’ या कुलात होतो. टकाचोर हा याच कुलातील त्यांचा भाऊबंद होय. हे कुल ज्या गणात मोडते त्याच गणात बुलबुल, दयाळ, चिमणी हेही पक्षी येतात. कंठातील स्वरयंत्राच्या रचनेचा विचार करता कावळा हा शास्त्रीयदृष्ट्या ‘गायक’ पक्ष्यांत गणला जातो, ही बाब ऐकणाऱ्यास विनोदी वाटली तरी वस्तुस्थिती आहे. उलटपक्षी, ज्याच्या गायनाचे गोडवे गाइले जातात तो कोकीळ या गायकगणात बसत नाही.

महाराष्ट्रात प्रामुख्याने दोन कावळे आढळतात.

गावकावळा (शास्त्रीय नाव ‘कॉर्व्हस स्प्लेंडेन्स’) याची लांबी सुमारे ४० सें.मी. असते. त्याचे कपाळ, डोक्याचा वरचा भाग व गळा काळाभोर असतो. मान, पाठीचा वरचा भाग व छाती राखी रंगाची असते. पंख व शेपटी तकतकीत काळी असतात. ‘स्प्लेंडेन्स’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘झळाळणारा’ असा आहे. १८१७ मध्ये फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञ व्हिएयो याने हे नाव दिले. कावळ्याला असे नाव द्यावे, याचे आपल्याला आश्चर्य वाटते. परंतु सकाळच्या तिरप्या उन्हात त्याच्या पंखांवर उमटणारी निळी-जांभळी झाक पाहिली, तर नाव देणाऱ्याने पक्षी नीट पाहिला होता याची खात्री पटते. ही झाक वेगळ्या रंगद्रव्याची नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश पडल्यामुळे निर्माण होते.

डोमकावळा आकाराने मोठा व सर्वांगाने काळा असतो. त्याच्या मानेवर राखी पट्टा नसतो. चोच अधिक जाड व वरच्या बाजूने ठळकपणे बाकदार असते. आवाज घोगरा व खोल असतो. गावकावळा जेथे माणसांची दाटी तेथे असतो. डोमकावळा खेडी, वाड्या, वनराई व शहरांचे झाडीचे भाग पसंत करतो. भारतीय द्वीपकल्पातील या डोमकावळ्याचे ‘कॉर्व्हस कल्मिनेटस’ हे नाव कर्नल विल्यम हेन्री सायक्स यांनी १८३२ मध्ये दख्खनमधील पक्ष्यांच्या आपल्या यादीत दिले. त्यास स्वतंत्र जाती मानावे की ‘कॉर्व्हस मॅक्रोऱ्हिंकोस’ या व्यापक जातीची उपजाती मानावे, याबाबत वर्गीकरणकारांत एकवाक्यता नाही. तथापि, या नावाचा जन्म आपल्या पठारावरील पक्ष्यावरून झाला, ही गोष्ट महाराष्ट्रातील अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दोन्ही कावळ्यांत नर व मादी दिसावयास सारखेच असतात. नाकपुड्यांवर ताठ केसांसारखी पिसे असतात. पायांची तीन बोटे पुढे व एक मागे असते. त्यामुळे फांदी पकडणे, जमिनीवर चालणे आणि अन्नाचा तुकडा पायाखाली दाबून चोचीने फोडणे ही तिन्ही कामे तो सहजपणे करतो.

संस्कृतात कावळ्याला ‘एकदृष्टि’ असेही म्हटले आहे. त्याला एकच बुबुळ असून ते दोन्ही खोबणींत फिरते, या समजुतीवरून ‘काकाक्षिगोलकन्याय’ हा दृष्टांत रूढ झाला आणि रामकथेतील काकासुराच्या आख्यानात तिला कारणही मिळाले. वस्तुतः कावळ्याचे दोन्ही डोळे पूर्ण कार्यक्षम असतात. परंतु ते डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळे जमिनीवरील वस्तू न्याहाळताना तो मान तिरपी करून एक डोळा तिच्यावर रोखतो आणि लगेच मान फिरवून दुसरा रोखतो. निष्कर्ष चुकला असला तरी त्यामागील निरीक्षण खरे आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

३. आहार आणि मानवाश्रय

अमरकोशात कावळ्याची जी नावे दिली आहेत त्यांत ‘बलिपुष्ट’ व ‘बलिभुक्’ ही दोन विशेष लक्षणीय आहेत. माणसाने टाकलेल्या बळीवर पुष्ट होणारा, असा त्यांचा अर्थ. आधुनिक परिसंस्थाशास्त्रात ज्याला मानवाश्रयी जीव म्हणतात त्याची यापेक्षा नेमकी व्याख्या क्वचितच सापडेल. गावकावळा मनुष्यवस्तीपासून दूर, घनदाट अरण्यात सहसा आढळत नाही. वस्ती उठली की तो उठतो; वस्ती वाढली की तो वाढतो.

कावळा सर्वभक्षी आहे. शिजलेले अन्न, धान्य, फळे, कीटक, उंदीर, सरडे, बेडूक, मासे, इतर पक्ष्यांची अंडी व पिले आणि मृत जनावरांचे मांस हे सर्व त्याच्या आहारात येते. नांगरामागे चालून उघड्या पडलेल्या अळ्या टिपणारा कावळा शेतकऱ्याला उपकारक असतो. तोच कणसात दाणा भरल्यावर उपद्रवी ठरतो. मासळीबाजार, खाटीकखाना, मंगल कार्यालयाची मागील बाजू आणि नगरपालिकेचा कचरा डेपो ही त्याची आजची ‘बलिस्थाने’ आहेत. पूर्वी गृहिणी घासभर अन्न काढून ठेवीत असे; आता नगरे टनावारी टाकतात. कावळ्याचे नाव तेच राहिले, बळीचे स्वरूप मात्र पालटले.

हा मानवाश्रय किती दूरवर जाऊ शकतो, याचे उदाहरण पूर्व आफ्रिकेत पाहावयास मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झांजिबार बेटावर कचऱ्याची विल्हेवाट लागावी या हेतूने गावकावळे नेण्यात आले. तेथून ते टांझानिया व केनियाच्या किनाऱ्यावर पसरले. शिवाय जहाजांवर बसून हा पक्षी अनेक बंदरांत पोहोचला. नेदरलँड्समधील हुक ऑफ हॉलंड येथेही १९९० च्या दशकात तो दाखल झाला. स्थानिक पक्ष्यांची अंडी-पिले फस्त करणे, कोंबडीची पिले पळविणे, पर्यटनस्थळी उपद्रव देणे यांमुळे केनियाच्या वन्यजीव खात्याने २०२४ मध्ये दहा लाख कावळे नष्ट करण्याची योजना जाहीर केली. येथे ज्याला आपण पितर मानतो, त्याला तेथे आक्रमक परकी जाती मानले जाते. पक्षी एकच आहे. जेथे त्याचे जुने शत्रू व स्पर्धक नाहीत आणि कचरा मात्र विपुल आहे, तेथे तो अनावर होतो, एवढाच या फरकाचा अर्थ.

४. समाजजीवन, सावधपणा आणि बुद्धी

कावळा समूहाने राहतो. सायंकाळी ठरावीक दिशेने, लांबच लांब विस्कळीत रांगांनी उडत जाणारे कावळे आपण सर्वांनी पाहिलेले असतात. ते रात्रीच्या सामुदायिक वसतिस्थानाकडे जात असतात. वड, पिंपळ, चिंच, वर्षावृक्ष अशा मोठ्या झाडांवर शेकडो, प्रसंगी हजारो कावळे एकत्र रात्र काढतात. मांजर, घुबड किंवा घार दिसताच एकाच्या ओरडण्याने सारे जमतात आणि संघटितपणे तिचा पिच्छा पुरवितात. मेलेल्या कावळ्याभोवती जमून होणाऱ्या कोलाहलास आपण शोकसभा म्हणतो. अमेरिकन कावळ्यांवरील अभ्यासात (२०१५) असे आढळले, की मृत कावळ्याजवळ जो मनुष्य दिसला त्याला ते पुढे धोका म्हणून ओळखू लागतात. म्हणजे या सभेत शोक असो वा नसो, शिकवण निश्चित असते.

कावळ्याच्या बुद्धीविषयी गेल्या पंचवीस वर्षांत झालेले संशोधन आश्चर्यकारक आहे. २००२ मध्ये ऑक्सफर्ड येथे ‘बेटी’ नावाच्या न्यू कॅलेडोनियन कावळीने सरळ तार वाकवून आकडा तयार केला व त्याने नळीतील अन्नाची बादली वर ओढली. २००९ मध्ये केंब्रिज येथील संशोधकांनी ‘रूक’ या कावळ्याच्या नातलग पक्ष्यापुढे उभ्या नळीत पाणी व त्यावर तरंगती अळी ठेवली; पक्ष्यांनी खडे टाकून पाण्याची पातळी वर आणली. इसापाची जी गोष्ट आपण बालवर्गात शिकतो ती अशा रीतीने प्रयोगशाळेत पडताळली गेली. सिएटल येथे मुखवटे वापरून केलेल्या प्रयोगांत अमेरिकन कावळे धोकादायक चेहरा वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात, असे दिसून आले. मात्र हे प्रयोग अन्य जातींवरील आहेत. त्यांचे निष्कर्ष आपल्या गावकावळ्यास जसेच्या तसे लावणे शास्त्रीय शिस्तीस धरून होणार नाही.

आपला कावळा प्रत्यक्ष पाहताना जे सर्वांत ठळकपणे जाणवते ते त्याचे धाडस व सावधपणा यांचे मिश्रण होय. खिडकीतील पोळी तो डोळ्यांदेखत उचलतो; परंतु अनोळखी वस्तू अनोळखी जागी दिसली, तर तो दूर बसून वाट पाहतो, बाजूने उड्या मारीत जवळ येतो, एक टोच मारून मागे सरतो. काकस्पर्शाच्या प्रसंगाचा विचार करताना या स्वभावाचा विसर पडता कामा नये.

५. जीवनचक्र

पश्चिम भारतात गावकावळ्याच्या विणीचा मुख्य हंगाम एप्रिल ते जून हा होय. काही जोड्या याच्या थोड्या आधी वा नंतर वीण घालतात. डोमकावळ्याची वीण साधारणतः याच्या आधी, हिवाळ्यापासूनच सुरू होते व उन्हाळ्यापर्यंत चालते.

नर-मादी दोघेही घरटे बांधण्यात भाग घेतात. झाडाच्या बेचक्यात काटक्यांचा ओबडधोबड सांगाडा रचला जातो व आतील वाटीला केस, काथ्या, चिंध्या, मुळ्या यांचे अस्तर दिले जाते. शहरांत काटक्यांच्या जोडीला तारांचे तुकडेही सर्रास वापरले जातात. ‘काऊचे घर शेणाचे’ ही बालकथेतील माहिती मात्र सर्वस्वी काल्पनिक आहे.

मादी साधारणपणे तीन ते पाच अंडी घालते. ती फिकट निळसर-हिरवी असून त्यांवर तपकिरी ठिपके व रेघा असतात. नर व मादी आळीपाळीने अंडी उबवितात. सुमारे १६-१७ दिवसांत पिले बाहेर येतात. जन्मतः ती आंधळी, पिसेविरहित व सर्वस्वी परावलंबी असतात. तोंडाची लालसर पोकळी उघडून ती अन्न मागतात आणि आई-बाप दिवसभर त्यांना भरवितात. तीन ते चार आठवड्यांत पिले घरट्याबाहेर पडतात. त्यानंतरही काही आठवडे ती पालकांच्या मागे पंख थरथरवीत, तोंड वासून हिंडताना दिसतात. या पिलांची मान फिकट व पिसे निस्तेज असल्यामुळे ती ओळखू येतात. याच काळात कावळे वाटसरूंच्या डोक्यावर झडप घालतात. लोक त्यास अपशकुन समजतात. प्रत्यक्षात ते जवळपास पिलू असल्याचे निदर्शक असते.

पावसाळा स्थिरावतो तेव्हा कीटक, बेडूक, गांडुळे विपुल होतात आणि नुकतेच स्वतंत्र झालेले पिलू या सुगीत आपला चरितार्थ शिकते. भाद्रपद येईपर्यंत बहुतेक कुटुंबांचे हे कार्य आटोपलेले असते.

अमरकोशातील ‘सकृत्प्रज’ म्हणजे एकदाच प्रजा होणारा, हे नाव या संदर्भात तपासण्यासारखे आहे. आयुष्यात एकदाच, असा अर्थ घेतल्यास ते चूक ठरते. वर्षात एकदा, असा घेतल्यास ते बव्हंशी बरोबर आहे; मात्र घरटे मोडल्यास जोडी पुन्हा प्रयत्न करते आणि क्वचित दुसरी वीणही होते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत कावळ्याच्या शकुनांचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात वैशाखातील घरट्यावरून पुढील काळाविषयी अनुमान सांगितले आहे. अनुमानाचा भाग बाजूस ठेवला तरी कावळ्याच्या घरट्याचा महिना वैशाख, हे निरीक्षण दीड हजार वर्षांपूर्वी नोंदले गेले होते आणि ते आजही खरे आहे.

६. परभृत् आणि परभृत

कोकिळा स्वतः घरटे बांधत नाही. आपली अंडी प्रामुख्याने कावळ्याच्या घरट्यात घालते. या वर्तनास अंडपरजीविता म्हणतात. संस्कृतात कोकिळास ‘परभृत’ (दुसऱ्याने पोसलेला) आणि कावळ्यास ‘परभृत्’ (दुसऱ्याला पोसणारा) अशी नावे आहेत. केवळ एका हलन्त चिन्हाच्या फरकाने यजमान व परजीवी यांचा संबंध सांगणारी ही शब्दजोडी जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शोभावी अशी आहे. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या पाचव्या अंकात दुष्यंत शकुंतलेस दूषण देताना याच वर्तनाचा दाखला देतो. अर्थात, प्रेक्षकांना ही गोष्ट ठाऊक आहे असे कवीने गृहीत धरले होते.

कोकिळेचे अंडे कावळ्याच्या अंड्यापेक्षा लहान असले तरी रंगाने त्याच्याशी मिळतेजुळते असते. नर कोकीळ समोर येऊन कावळ्यांना आपल्यामागे धावावयास लावतो व त्या अवधीत ठिपकेदार मादी घरट्यात अंडे घालते, असे निरीक्षकांनी नोंदविले आहे. कोकिळेचे पिलू १२ ते १४ दिवसांत, म्हणजे कावळ्याच्या पिलाआधी बाहेर येते आणि त्यामुळे अन्न मिळविण्यात आघाडीवर राहते. युरोपातील कुक्कूचे पिलू यजमानाची अंडी घरट्याबाहेर लोटते. आपल्याकडील कोकिळेचे पिलू सहसा तसे करीत नाही, आणि दोन्ही जातींची पिले एकाच घरट्यात वाढताना आढळतात. बुद्धिमान म्हणून ख्यातनाम असलेला कावळा येथे फसतो, याचे कारण त्याच्या मूर्खपणात शोधू नये. संशयावरून अंडे फेकून देताना स्वतःचेच अंडे फेकले जाण्याचा धोका असतो. आणि उघडलेले तोंड भरविण्याची पालकाची प्रेरणा इतकी प्रबळ असते, की तिच्यापुढे पारख मागे पडते.

मराठी काव्यातील ‘कोकिळा गाते’ हा संकेतही येथे दुरुस्त करावा लागेल. ‘कुहू’ असा चढत जाणारा स्वर नराचा आहे; मादीचा आवाज तुटक ‘किक्-किक्’ असा असतो. चैत्र-वैशाखात तो स्वर आमराईत घुमतो, तेव्हाच जवळच्या झाडावर कावळ्याचे घरटे आकार घेत असते. दोहोंचे पंचांग एकच आहे.

७. भाद्रपदाचा प्रश्न

आता प्रस्तावनेत उल्लेखिलेल्या संदेशाकडे वळू. त्यातील दोन विधाने तपासावयाची आहेत.

पहिले, कावळी भाद्रपदात अंडी घालते. वरील विवेचनावरून हे विधान टिकत नाही हे उघड आहे. विणीचा मुख्य हंगाम पितृपक्षाच्या कितीतरी आधी संपतो. पिलांच्या पोषणासाठीच काकबळीची योजना असती, तर ती वैशाख-ज्येष्ठात करावी लागली असती.

दुसरे, वड-पिंपळाचे बी कावळ्याच्या पोटातूनच गेले पाहिजे. ही फळे तांबट, बुलबुल, साळुंकी, हरियाल, कोकीळ व वटवाघळेही आवडीने खातात आणि या सर्वांच्या विष्ठेतून बीजप्रसार होतो. कावळाही त्यांतील एक आहे. शिवाय तो निंबोळ्या खाऊन त्यांच्या बियाही दूर टाकतो. पचनमार्गातून गेल्याने बीभोवतीचा गर निघून जातो व रुजण्यास साहाय्य होते. परंतु तसे न झालेले बीही योग्य ओलावा व उजेड मिळाल्यास रुजते. वटवर्गीय वृक्षांचे खरे अनन्य नाते परागीभवन करणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाशीशी असते. सामान्यतः प्रत्येक वृक्षजातीची स्वतःची अशी माशी असते. उंबर फोडल्यावर आपण ज्यांना ‘उंबरातले किडे’ म्हणून हिणवितो, त्यांत याच माश्या असतात. त्या नसतील, तर कावळे कितीही असले तरी वडाला बी धरणार नाही.

हा खुलासा नाकारल्याने विधीचा अवमान होतो काय? प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. श्राद्धविधीचा घोषित हेतू कृतज्ञ स्मरण हा आहे आणि त्यास पक्षिशास्त्राच्या प्रमाणपत्राची गरज नाही. ज्या परंपरेच्या गौरवासाठी हा संदेश पाठविला जातो त्याच परंपरेने कावळ्याचे घरटे वैशाखात पाहिले होते. भाद्रपद हा महिना पूर्वजांचा नाही. तो संदेश रचणाऱ्याचा आहे. पूर्वजांच्या नावावर चुकीचे निरीक्षण खपविणे हा पूर्वजांचा गौरव म्हणता येणार नाही.

हा प्रश्न केवळ वादाचा नाही. प्रस्तुत लेखकाच्या वडिलांची दशक्रिया मे महिन्यात झाली. पिंड मांडून दोन तास लोटले तरी कावळा शिवेना. जमलेल्यांपैकी प्रत्येकाने मृताच्या एकेका अपूर्ण इच्छेचा उच्चार केला. बहिणीचे लग्न, शेताची वाटणी, मुलाची नोकरी, सर्व वचने देऊन झाली. आईच्या चेहऱ्यावर अपराधाची छाया पसरलेली होती. अखेर दर्भाचा कावळा करून विधी उरकण्यात आला. मंडळी घाटाच्या पायऱ्या चढून वर गेली आणि काही क्षणांतच समोरच्या करंजावरून एक डोमकावळा उतरला. घोळक्याने उभी असलेली, एकटक पाहणारी माणसे दूर होईपर्यंत तो थांबला होता. विणीचा काळ, अनोळखी गर्दी, दुपारचे ऊन यांपैकी कोणत्याही कारणाने कावळा येण्याचे लांबते, हे त्या दिवशी कोणी आईला सांगितले असते, तर तिचे पुढील कित्येक दिवस हलके गेले असते. कावळ्याचा स्वभाव ठाऊक असणे ही शोकग्रस्ताला दिलेली सवलत ठरू शकते.

८. कायदा, आरोग्य आणि आपली जबाबदारी

१९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात सामान्य कावळ्याची गणना पाचव्या परिशिष्टात, म्हणजे उपद्रवी प्राण्यांत केली होती. २०२२ च्या सुधारणेने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, उपद्रवींचे ते स्थायी परिशिष्टच वगळण्यात आले. कायद्याची भूमिका बदलली असली तरी आपल्या व्यवहारात फारसा फरक पडलेला नाही.

कावळा आपल्या सान्निध्यात राहत असल्यामुळे तो आपल्या परिसराच्या आरोग्याचा सूचकही आहे. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले. भोपाळ येथील प्रयोगशाळेच्या तपासणीत एच-५ एन-१ या विषाणूमुळे होणारा बर्ड फ्लू हे त्याचे कारण असल्याचे स्पष्ट झाले. अशा वेळी मृत पक्ष्यास हात न लावता पशुसंवर्धन विभागास कळविणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरते. कावळ्याचा मृत्यू हा अपशकुन नव्हे; ती सूचना असू शकते.

दुसरी बाब अधिक निकटची आहे. पावसाळ्यापूर्वी झाडांच्या फांद्या छाटण्याचे काम शहरांत व शैक्षणिक आवारांत बहुधा मे महिन्यात केले जाते. नेमका तोच कावळ्यांच्या विणीचा काळ असतो. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एका महाविद्यालयाच्या आवारात एका सकाळी वर्षावृक्षाच्या फांद्या उतरविण्यात आल्या. त्यांबरोबर घरटीही खाली आली. दिवसभर कावळे त्या जागेवर घिरट्या घालीत होते. त्याच महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर पुढे सप्टेंबरात काकबळीचे ‘शास्त्रीय महत्त्व’ सांगणारा मजकूर झळकला. छाटणी अपरिहार्य असते हे मान्य. परंतु ती विणीपूर्वी करणे, अथवा घरटी असलेल्या फांद्या पावसाळ्यानंतर उतरविणे अशक्य नाही. महाविद्यालयांनी आपल्या आवारातील घरट्यांची एप्रिल महिन्यात विद्यार्थ्यांकरवी नोंद करून घेतल्यास शिक्षण व संरक्षण ही दोन्ही कार्ये साधतील. त्यासाठी दुर्बीणही लागत नाही. वही, पेन्सिल व नियमितपणा पुरेसा आहे.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. (१) महाराष्ट्रातील गावकावळा व डोमकावळा हे रूप, आवाज, अधिवास व विणीचा काळ या चारही बाबतींत एकमेकांपासून वेगळे आहेत. (२) गावकावळ्याचे जीवन मानवी वस्तीशी निगडित असून त्याच्या संख्येचे नियमन आपला कचरा व आपली झाडे करतात. (३) त्याच्या विणीचा मुख्य हंगाम एप्रिल ते जून हा असल्याने पितृपक्षाशी त्याचा जोडला जाणारा संबंध निराधार आहे. (४) ‘बलिपुष्ट’, ‘परभृत्’ यांसारखी नावे सूक्ष्म निरीक्षणाची फळे आहेत. ‘एकदृष्टि’सारख्या नावांत निरीक्षण खरे, पण अनुमान चुकीचे आहे. भाषेचा अभ्यासक व जीवशास्त्राचा अभ्यासक यांनी एकत्र बसून करावयाचे पुष्कळ काम येथे शिल्लक आहे.

कावळ्याचे आणखी एक नाव ‘आत्मघोष’ असे आहे. स्वतःच्या नावाचाच घोष करणारा, असा त्याचा अर्थ. तो रोज सकाळी आपले नाव सांगत असतो. पंधरवड्यापुरते त्याची वाट पाहण्यापेक्षा वैशाखात एकदा मान वर करून त्याचे घरटे पाहिले, तर ज्यांनी त्याला ही नावे दिली त्यांचेही स्मरण अधिक यथार्थपणे घडेल.